सल्ला न देणाऱ्या लेम्पीबाई

आयुष्यात हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस मी दोनदाच चुकवला, आणि दोन्ही वेळा लेम्पी हापाला या बाईंमुळे. सुपीरियर सरोवराच्या आमच्या या काठावर पंधरा नोव्हेंबर चुकवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावण्यात अर्थ नाही. त्या दिवशी शाळा बंद असतात, दुकानं अर्धी उघडी असतात, त्या आठवड्यात कोणी लग्न धरत नाही, आणि कोणी मेलंच तर पाद्री घरच्यांना हळूच विचारतो, पुढच्या शनिवारी पुरलं तर चालेल का. दुखरा दात, गळका नळ, भावाभावांचं भांडण, ऑक्टोबर लागला की सगळ्याला आमचं एकच उत्तर असतं: हरणांचा हंगाम झाला की बघू.

मी आल्दो बारसोत्ती, गवंडी. आजोबा इटलीहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले, दोन वर्षांत खाणीला कंटाळले आणि वर येऊन दगड रचायला लागले. तेव्हापासून आम्ही दगडाचेच. दगड आमचं ऐकतो. कागद ऐकत नाही. माझी बायको व्हर्ना म्हणते, "तू धोंड्याला बोलतं करशील, पण साध्या फॉर्मवर स्वतःचं नाव बरोबर रकान्यात लिहिशील तर शपथ." म्हणून आमच्याकडे कागदाचं खातं तिच्याकडे.

लेम्पीबाईंचं सगळं आयुष्य कागदात गेलं. काउंटीच्या दस्त नोंदणी कचेरीत, पहिल्या मजल्यावर, उजव्या हाताच्या काउंटरमागे त्या छत्तीस वर्षं बसल्या. करडं स्वेटर, साखळीला लटकवलेला चष्मा, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, आपण नक्की काहीतरी चुकीचं केलंय. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती: "या कचेरीत कायद्याचा सल्ला दिला जात नाही." कोणत्या जमिनीचा मालक कोण, कोणतं घर कोणाकडे गहाण आहे आणि कोणत्या घरावर कोणाचा बोजा आहे, हे सगळं त्या कचेरीतल्या पुस्तकांत असतं.

बोजा हेच आमच्यासारख्यांचं एकमेव हत्यार. आम्ही म्हणजे प्लंबर, छपरवाले, वायरमन, गवंडी. कोणाच्या खाजगी घरावर राबायचं आणि मालकाने पैशाला टांग मारली की करायचं काय? बांधलेलं धुराडं खांद्यावर टाकून परत आणता येत नाही. मग त्या घरावर बोज्याचा दावा नोंदवायचा. एकदा तो पुस्तकात चढला की आमचे पैसे चुकवल्याशिवाय मालकाला घर विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही. फक्त दावा नोंदवायचा तो कामाच्या शेवटच्या दिवसापासून नव्वद दिवसांत. एक्याण्णवाव्या दिवशी त्या कागदात मासळी बांधावी. आणि गंमत अशी की उशिरा नेलेला कागदही कचेरी घेते. फी घेते, शिक्का मारते, पुस्तकात चढवते. तुमचा दावा मेलेला आहे हे सांगणं त्यांचं काम नाही. सांगितलं तर तो सल्ला झाला.

लेम्पीबाईंनी तो नियम कधी मोडला नाही. "मला सांगता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण जुनी माणसं म्हणायची की त्या वाक्यानंतर लगेच निघून जायचं नाही, जरा थांबायचं. एक छपरवाला दाव्यावर फक्त नवऱ्याचं नाव घालून आला होता. बाई म्हणाल्या, "मला सांगता येत नाही," आणि मग शाई पुसत पुसत म्हणाल्या, "परवा चर्चमध्ये त्या घरच्या बाई भेटल्या. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून केवढा अभिमान त्यांना!" छपरवाला हुशार होता. बाहेरच्या बाकावर बसला आणि दुसरं नाव घालून परत आला.

मी हुशार नव्हतो. मला त्या खडूस वाटायच्या.

आता ऑर्डवेची गोष्ट. हा शिकागोचा दातांचा डॉक्टर. त्याने सरोवराकाठी उन्हाळ्यात राहायला घर बांधलं आणि मला म्हणाला, "आल्दो, मला असं धुराडं पाहिजे की बोटीतून जाणाऱ्याने मान वळवली पाहिजे." मी सरोवरातलाच गोल दगड घेतला, एकेक निवडून. खाली फायरप्लेस, वर छत्तीस फुटांचं धुराडं. सतरा ऑगस्टला, शनिवारी, शेवटची टोपी बसवली. आजही ते धुराडं बघितलं की मला माझाच हेवा वाटतो.

पैसे मात्र येईनात. अकरा हजार चारशे डॉलर. ऑर्डवे भेटला की गोडच बोलायचा. "पैसे कुठे पळून चाललेत का, आल्दो?" पळून चालले होतेच, फक्त मला दिसत नव्हते. मग सप्टेंबरच्या शेवटी म्हणाला, "डाव्या अंगाला दगडांमधली एक दर्ज फुटलीय बघ. तेवढी भरून दे, मी चेक लिहून ठेवतो." तीन ऑक्टोबरला गेलो, दर्ज भरली. चेक नव्हता. चेकबुक म्हणे बायकोच्या पर्समध्ये, आणि बायको शिकागोला.

सिमेंटसाठी आणि माझ्या हाताखालच्या गड्याच्या मजुरीसाठी मी बँकेकडे ट्रक आणि मिक्सर तारण ठेवला होता. नवीन वर्षाला हप्ता पुरा झाला नाही तर ट्रक जाणार, आणि ट्रकाशिवाय गवंडी म्हणजे नुसता दगडांचा शौकीन. माझ्या भावाने मिलवॉकीहून फोन केला, गोदामात जागा आहे, ये. आमच्या इथून असेच सगळे गेले, एकेक करून, आणि गेलेला परत आला असं मी बघितलं नाही. व्हर्ना दुकानातून रिकामी खोकी आणून जिन्याखाली रचायला लागली. मला इथून जायचं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. मला नव्हतंच जायचं.

ऑक्टोबरअखेर व्हर्नाला वाण्याकडे बातमी कळली की ऑर्डवे घर विकतोय, गिऱ्हाईक ठरलंय, डिसेंबरात कागद होणार. तिने त्याच दिवशी दाव्याचा कोरा फॉर्म आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर मांडला.

"शेवटचं काम कधी?" तिने विचारलं.

"तीन ऑक्टोबर."

मी बोटांवर मोजलं. एक जानेवारीपर्यंत मुदत होती.

"मग उद्या नोंदवून ये," व्हर्ना म्हणाली.

"अगं, वेळ आहे. हरणांचा हंगाम झाला की जातो."

"तुझ्या थडग्यावर हेच कोरणार आहे मी."

फॉर्मवर घराचा नुसता पत्ता चालत नाही, जमिनीची चतुःसीमा लागते. अमक्या खुंटापासून उत्तरेला इतके फूट, तिथून पाण्याच्या कडेने इतके फूट, अशी. ती कचेरीतून आणावी लागते. निदान तेवढं तरी शिकारीच्या कॅम्पवर जाताजाता कर, म्हणून व्हर्नाने फॉर्म माझ्या खिशात कोंबला आणि चौदा नोव्हेंबरला दुपारी मला घराबाहेर काढलं. डोक्यावर नारिंगी टोपी, ट्रकमध्ये बंदूक, मन आधीच जंगलात, असा मी लेम्पीबाईंपुढे उभा राहिलो.

"ऑर्डवेच्या घराची चतुःसीमा पाहिजे, बाई."

"एका पानाचा एक डॉलर, मिस्टर बारसोत्ती." त्यांनी प्रत काढून दिली आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडे मान केली. "हा दावा आजच द्यायचाय का?"

"छे! व्हर्ना त्यात हे टाइप करणार. हंगाम झाला की आणतो."

"द्या बघू."

मी फॉर्म दिला. त्यांनी चष्मा लावला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"तीन ऑक्टोबरला काय केलंत तुम्ही?"

"एक दर्ज फुटली होती. भरून दिली."

"किती वेळ लागला?"

"तासभर. फार तर दीड."

"त्याचे वेगळे पैसे लावलेत?"

"काय बोलता, बाई! माझ्याच कामातली फट. तिचे पैसे मागायला मला लाज नाही का?"

"आणि मूळ काम पुरं कधी झालं?"

"सतरा ऑगस्टला."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि पलीकडच्या टेबलावर बसलेल्या साहेबाच्या पाठीकडे बघितलं. "मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मी कुठे काय विचारलं?"

"सतरा ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "काय योगायोग बघा. त्याच दिवशी माझ्या भाचीचं लग्न झालं."

"अरे वा! अभिनंदन."

"किती दिवस झाले बरं लग्नाला?" त्यांनी भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर काढून काउंटरवर ठेवलं, ऑगस्टचं पान उलटलं आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक चौकोन मोजायला लागल्या. मोठ्याने. माझ्यामागे एक माणूस उभा होता, तो खाकरला, तरी त्या थांबल्या नाहीत. सप्टेंबर मोजला, ऑक्टोबर मोजला. "सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. आज एकोणनव्वद झाले. उद्या नव्वद."

"छान. काहीतरी भेट पाठवा."

"उद्या पाठवली तर पोचेल. परवा पाठवून काही उपयोग नाही."

"रागीट दिसते भाची," मी म्हणालो.

लेम्पीबाईंनी डोळे मिटले, उघडले. "मिस्टर बारसोत्ती, उद्या ही कचेरी आठ वाजता उघडते. साहेब हरणांना जाणार, बाकी दोघेही जाणार. मी एकटी आहे. नोटरीचा शिक्का माझ्याच खणात असतो."

"एकटीला कंटाळा येईल हो तुम्हाला," मी म्हणालो, टोपीला हात लावला आणि निघालो. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

कॅम्पवर आम्ही पाचजण. जेवायला सगळ्यांच्या बायकांनी भरून दिलेल्या मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या. जेवताना मी त्यांना हसवावं म्हणून सांगितलं, "आपल्या लेम्पीबाईंचं डोकं फिरलंय रे. भाचीच्या लग्नाला किती दिवस झाले ते मला कॅलेंडरवर मोजून दाखवत होत्या. एक ते एकोणनव्वद, एकही आकडा न गाळता!"

सगळे हसले. म्हातारा ट्रेलोअर हसला नाही. हा जुना वायरमन, आमच्यात सगळ्यात वडील.

"कोणती भाची?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"लेम्पी एकुलती एक. तिचा नवराही एकुलता एक होता, बिचारा जाऊन वीस वर्षं झाली. भाची काय आभाळातून पडली?" त्याने पेस्टी खाली ठेवली. "आल्दो, तिने ही भाची काढली तेव्हा तुझ्या हातात कागद कोणता होता?"

मी सांगितलं. दर्ज, तीन ऑक्टोबर, सतरा ऑगस्ट, सगळं.

"गाढवा," ट्रेलोअर म्हणाला, "फुकट भरून दिलेली दर्ज म्हणजे काम नव्हे. ती दुरुस्ती. तिने मुदत वाढत नाही. तुझे नव्वद दिवस ऑगस्टपासून चालू आहेत. उद्या संपतात."

मी बोटांवर परत मोजायला लागलो. "तुला कोणी सांगितलं?"

"लेम्पीनेच. म्हणजे तिने काही सांगितलं नाही. माझ्या वेळी तिच्या मांजरीला नव्वद दिवस पुरे होत होते." तो आता हसला. "त्या बाईने जन्मात मांजर पाळलेली नाही."

बाहेर बर्फाचा मारा चालू होता, त्यामुळे लगेच निघणं शक्य नव्हतं. पहाटे चारला तो ओसरला तसा मी ट्रक काढला. चाळीस मैल. वाटेत समोरून येणारी प्रत्येक गाडी जंगलाकडे चाललेली, मी एकटा उलटा. एका वळणावर आठ टोकांच्या शिंगांचा नर रस्त्याच्या मधोमध उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी हॉर्न वाजवला. बंदूक पाठीमागे होती आणि मी हॉर्न वाजवला! हे मी कॅम्पवर अजून कोणाला सांगितलेलं नाही.

व्हर्ना गाऊनवरच टाइपरायटरला बसली. काय झालं ते ऐकून ती मला बोलेल असं वाटलं होतं, तर तिने चतुःसीमेचा एकेक आकडा दोनदा वाचून टाइप केला, तीन ऑक्टोबर खोडून सतरा ऑगस्ट घातलं आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "पळ."

आठला पाच मिनिटं कमी असताना मी कचेरीच्या पायरीवर होतो. लेम्पीबाईंनी आतून दार उघडलं. मी धापा टाकत म्हणालो, "बाई, तुमच्या भाचीचं अभिनंदन करायला आलो."

"कोणती भाची?" त्या म्हणाल्या, आणि नोटरीचा शिक्का काढला.

माझी सही झाली, त्यांची सही झाली, फी घेतली, पावती दिली, आणि आठ वाजून चौदा मिनिटांचा शिक्का पडला. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "पायरीवर बर्फ आहे, सांभाळून जा."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डवेचा फोन आला. "आल्दो, हे काय केलंस रे? माझ्या घरावर बोजा? माझी विक्री अडकलीय!"

"काही नाही हो डॉक्टर," मी म्हणालो. "एक दर्ज फुटली होती, तेवढी भरली."

पाचव्या दिवशी पैसे आले. ट्रक राहिला, आम्ही राहिलो, आणि व्हर्नाने जिन्याखालच्या खोक्यांत नाताळची सजावट भरून ठेवली. बोजा उतरवल्याचा कागद नोंदवायला गेलो तेव्हा मी लेम्पीबाईंसाठी हरणाचं सॉसेज नेलं. ट्रेलोअरने मारलेल्या हरणाचं, कारण माझं त्या वर्षी काही नव्हतंच. त्यांनी पुडकं दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवलं.

"सरकारी नोकराला भेट घेता येत नाही."

"मग नुसते आभार घ्या."

"कशाचे? मी तुम्हाला काही सांगितलं का?"

"नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "पुढचे कोण?"

मी ते आभार घेऊन घरी परत आलो आणि ते अकरा वर्षं माझ्याकडेच पडून राहिले. प्रत्येक नवीन धुराडं बांधताना मला त्यांची आठवण व्हायची. आमच्या थोरल्या मुलीचं लग्न इथे, आमच्याच अंगणात झालं, मिलवॉकीच्या कुठल्या हॉलमध्ये नाही. तेव्हाही मला त्या पेन्सिलीचं टोक आठवलं.

अकराव्या वर्षी वसंतात लेम्पीबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या घराचं धुराडं मी जाता-येता बघायचो. विटा सुटल्या होत्या, सगळं रस्त्याकडे कललं होतं. एका शनिवारी शिडी घेऊन गेलो आणि त्यांना न विचारता वर चढलो.

"मिस्टर बारसोत्ती! खर्च किती येणार?" त्या खालून ओरडल्या.

"मला सांगता येत नाही!" मी वरून ओरडलो.

त्या उन्हाळ्यातले सगळे शनिवार मी तिथे घालवले. जुनं उतरवलं, नवं दगडाचं रचलं. शेवटचा दगड बसला तो सतरा ऑगस्टला. मुद्दाम नाही केलं, दगडच त्या दिवशी संपले. मग चेक यायला लागले. पहिला टपालाने आला, मी परत पाठवला. दुसरा त्यांनी आमच्या पेटीत स्वतः आणून टाकला, तो मी त्यांच्या पेटीत टाकला. तिसरा त्यांनी दिलेल्या निसूत निघाला. निसू म्हणजे इथल्या फिन लोकांचा वेलदोड्याचा गोड पाव. व्हर्नाने सुरी लावली तर आत मेणकागदात घडी केलेला चेक. "ही बाई तुझ्यापेक्षा हट्टी आहे," व्हर्ना म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं.

त्या वर्षी माझा गुडघा धरला होता, म्हणून कॅम्पवर मुक्कामाला न जाता पंधरा नोव्हेंबरला पहाटे घरूनच निघणार होतो. बूट चढवले, बंदूक घेतली, दार उघडलं, तर पायरीवर लेम्पीबाई. टोपीवर बर्फ, हातात मोठं पाकीट.

"बरं झालं सापडलात," त्या म्हणाल्या आणि आत येऊन पाकिटातला कागद टेबलावर पसरला.

बोज्याचा दावा. व्यवस्थित टाइप केलेला. मालक, लेम्पी हापाला. कारागीर, आल्दो बारसोत्ती. शेवटचं काम, सतरा ऑगस्ट. चतुःसीमा त्यांच्या स्वतःच्या घराची, एकही फूट न चुकलेली. आकडा मी कधी सांगितलाच नव्हता, तो त्यांनी दोन गवंड्यांना विचारून घातला होता. फक्त माझी सही नव्हती.

"बाई, हे काय?"

"आज नव्वदावा दिवस आहे. माझंच घर, म्हणून नोटरी मला होता येत नाही. बँकेतली मुलगी नऊला येते, तिला सांगून ठेवलंय." त्यांनी पेन पुढे केलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आल्दो, मी आता नोकरीत नाही. आता मला सल्ला देता येतो. आयुष्यातला पहिला सल्ला देतेय, ऐक. सही कर. उद्या तुझा काही हक्क राहणार नाही."

मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"हरणांचा हंगाम झाला की बघू, बाई," मी म्हणालो.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या मटकन खुर्चीवर बसल्या. व्हर्नाने न विचारता कॉफी ठेवली. मी बंदूक खुंटीला परत टांगली आणि बूट काढले. ते बघून त्या म्हणाल्या, "तुझा पहिला दिवस जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे. आज माझी एकटीला सोबत करायची पाळी आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते, मला वाटतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील सुतार. इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी एका हॉटेलवाल्याचा सगळा व्हरांडा बांधला, खांबावर नक्षी कोरली, आणि त्याने पैसे दिले नाहीत. वडिलांनी कोणाकडून तरी दावा लिहून घेतला आणि कचेरीत नेऊन दिला. काउंटरवरच्या माणसाने फी घेतली, शिक्का मारला, हसून धन्यवाद म्हटलं. पुढे काहीच झालं नाही. राहतं घर गेलं, सगळे एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहायला आले. वडील मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघायचे. म्हणायचे, मीच काहीतरी चुकीचं लिहिलं असणार, मला भाषा येत नाही ना.

"नोकरीला लागून आठ वर्षं झाली होती," लेम्पीबाई म्हणाल्या. "जुनं पुस्तक चाळताना त्यांचा दावा सापडला. त्यात काहीही चुकलं नव्हतं, आल्दो. एक अक्षरही नाही. फक्त तारीख. मी कॅलेंडर काढून मोजलं. त्र्याण्णवावा दिवस. त्या माणसाला ते दिसत होतं, आणि त्याने शिक्का मारला. त्याचंही चुकलं नाही म्हणा. पाटी तेव्हाही तिथेच होती."

व्हर्ना त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"त्या दिवसापासून मोजतेय," लेम्पीबाई म्हणाल्या. "समोरचा ऐको न ऐको, मोठ्याने मोजायचं."

दिवसभर त्या आमच्याकडेच राहिल्या. दुपारी आम्ही सूप प्यायलो, पत्ते खेळलो. त्या जिंकल्या. दूर टेकडीपलीकडे मधूनमधून बार ऐकू यायचे आणि दर बारला त्या माझ्याकडे बघायच्या. कागद टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच होता. चार वाजता अंधारायला लागलं. साडेचारला त्यांनी पेन एकदा माझ्याकडे सरकवलं, मी परत सरकवलं. मग आम्ही तिघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

पाच वाजले. कचेरी बंद झाली असणार.

"संपली मुदत," मी म्हणालो. "आता तुमच्या घरावर माझा काही बोजा नाही, बाई. आणि माझ्यावरचा जरा हलका झाला."

लेम्पीबाईंनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. 

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

या वाक्यानंतर निघून जायचं नाही, थांबायचं, एवढं मी शिकलो होतो. मी थांबलो. पुढे काही आलं नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि व्हर्नाने दिवा लावला तरी सोडला नाही.